रिन्सलेस वॉश: नुसत्या बादलीवर फिरतं कार डिटेलिंग निभेल का?

वळणवाट (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं दुसऱ्याच्या दुकानात डिटेलिंग, म्हणजे गाडीची बारकाईने साफसफाई, केलं, आता स्वतःचं सुरू करतोय. दुकान थाटायचं नाही, ग्राहकाची गाडी उभी असेल तिथे जाऊन काम करायचं. अडचण पाण्याची. टाकी, जनरेटर, प्रेशर वॉशर सगळं वागवायचं तर मोठी गाडी हवी. आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये नळ नसतो. असलाच तर पाणी जायला वाट नसते. फरशीवर फेसाचा ओघळ गेला की वॉचमन हजर.

म्हणून रिन्सलेसचा विचार चाललाय. बादलीभर पाण्यात जरासं द्रव, त्यात भिजवलेल्या कापडाने पॅनेल पुसायचं, लगेच कोरडं करायचं, वरून पाणी मारायचं नाही. स्वतःच्या गाडीला हेच करतो आणि खूश आहे. पण माझी गाडी दर आठवड्याला पुसली जाते. लोकांच्या गाड्या कुठल्या अवस्थेत समोर येतील सांगता येत नाही. तर ज्यांनी हे रोजच्या कामात वापरलंय त्यांनी सांगा: निव्वळ रिन्सलेसवर धंदा उभा राहतो, की आज ना उद्या प्रेशर वॉशर घ्यावाच लागतो?

शंकासुर

म्हणजे गाडी धुवायची, पण धुवायची नाही. तोंडाला पावडर थापून अंघोळ झाली म्हणण्यातला प्रकार.

उनाड_पाना

@शंकासुर, तुमचा पहिला प्रतिसाद आला म्हणजे धागा शंभरी गाठणार. जागा धरून बसतो.

खटपट्या

शंकासुरांची गल्लत वॉटरलेस आणि रिन्सलेसमध्ये होतेय. वॉटरलेस म्हणजे स्प्रेची बाटली: कोरड्या गाडीवर फवारा, पुसा. नुसती धूळ बसलेल्या गाडीला ठीक. रिन्सलेसमध्ये बादलीभर पाणी असतंच, कापड चिंब असतं, पॅनेलवर ओलावा भरपूर राहतो. फक्त शेवटचं धुणं वाचतं. धंद्यात मी हेच वापरतो. वॉटरलेसची एक बाटली असते सोबत, पक्ष्याने ऐनवेळी प्रसाद दिला तर. तोही आधी भिजू द्यायचा, सुकलेला तसाच घासायचा नाही.

प्रयोगशाळा

रसायनाचं थोडं सांगते. साध्या कार शाम्पूत फेस आणणारे सर्फॅक्टंट भरपूर. ते मळ सोडवतात, पण रंगावर वाळले की डाग आणि चिकटपणा मागे राहतो, म्हणून वरून पाणी मारावं लागतं. रिन्सलेसमध्ये फेस जवळजवळ नसतो. त्यात निसरडेपणा देणारे घटक आणि पॉलिमर असतात. मळाच्या कणाभोवती त्यांचं आवरण बसतं, कापड आणि रंग यांच्यामध्ये सरकता थर तयार होतो. मात्रा इतकी कमी की वाळल्यावर मागे फारसं काही उरत नाही.

मात्रेबद्दल: या प्रकाराचं नाव झालं ते ऑप्टिमम नो रिन्समुळे, लोक ज्याला ओएनआर म्हणतात. त्याचं धुण्याचं प्रमाण 1:256. पुढे आलेल्या बऱ्याच कंपन्यांनी तेच ठेवलं. म्हणजे 10 लिटरच्या बादलीला 40 मिलीच्या आत. गाडी मळकी दिसली की दुप्पट ओतायचा मोह होतो, पण जास्त मात्रेने साफ होण्याऐवजी धूसर पट्टे राहतात आणि कोरडं करताना टॉवेल अडखळतो. झाकणाचा अंदाज सोडा, मोजपात्र ठेवा. क्ले बार (रंगाला चिकटलेले कण ओढून काढणारी मातीसारखी वडी) फिरवताना निसरडेपणा हवा तर हेच द्रव 1:64 पर्यंत घट्ट करतात. एक लिटरच्या स्प्रे बाटलीला 15 मिलीच्या आसपास. तुमच्या ब्रँडचं प्रमाण वेगळं असेल तर बाटलीवरचं खरं माना.

शंकासुर

बरं, थट्टा बाजूला ठेवतो. क्लिअर कोटची, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराची, जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन. केसापेक्षा पातळ म्हणा. रेतीचा एक कण कापडाखाली अडकून फिरला की त्यात चरा पडणारच, मग कणावर पॉलिमरचं आवरण असो नाहीतर चिलखत. प्रेशर वॉशरने तो कण हात लागायच्या आधीच निघून जातो. रिन्सलेसमध्ये तो काढायचं काम तुम्ही कापडावर टाकता. ग्राहकाला हे समजावून सांगणार आहात का?

रंगकर्मा

शंकासुरांचा मुद्दा चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. प्रेशर वॉशरने सुटा कण जातो. चिकटलेली बारीक माती, रस्त्याचा काळपट थर, तो पाण्याच्या माऱ्यानेही पूर्ण निघत नाही. हात लावावाच लागतो, आणि तिथे बहुतेक लोक एकच मिट (धुण्याचा हातमोजा) घेऊन सगळी गाडी घासतात. पॉलिशिंगला येणाऱ्या गाड्या मी रोज पाहतो. ज्यांच्या बॉनेटवर उन्हात कोळ्याचं जाळं चमकतं, त्यातल्या बऱ्याचशा भरपूर पाण्याने, भरपूर फेसाने आणि एकाच फडक्याने धुतलेल्या असतात.

म्हणून द्रव कुठलं यावर वाद घालण्यात मला रस नाही. कापडं किती आणि ती वापरता कशी, ते सांगा.

खटपट्या

+1. माझी पद्धत सांगतो. माझी म्हणजे मुळात गॅरी डीन पद्धत, थोडे फेरफार करून.

बादलीत द्रावण करायचं, त्यात जाड मऊ मायक्रोफायबरचे आठ-दहा टॉवेल एकदमच बुडवून ठेवायचे. एक काढायचा, हलका पिळायचा (निथळत राहिला पाहिजे, कोरडा नको), घडीवर घडी घालायची. चौघडी केली की दोन्ही बाजू मिळून आठ स्वच्छ पानं मिळतात. एका पानाने एक सरळ पट्टा, मग पान उलटायचं. आठही पानं मळली की टॉवेल पिशवीत. बादलीत परत नाही. कितीही खळबळलात तरी तंतूंत बसलेला कण निघालाच याची खात्री नसते, आणि बादली मळली की उरलेले टॉवेल वाया. एका बादलीत सगळी गाडी उरकायची तर दुसरा मार्ग नाही.

क्रम: आधी चाकं, त्यांची बादली, ब्रश, फडकी सगळं वेगळं, कारण ब्रेकच्या धुळीत लोखंडाचे कण असतात. मग टप, काचा, बॉनेट, दरवाजांचा वरचा भाग, डिकी. दरवाजांचा खालचा हातभर भाग, बंपरचा तळ आणि मागची नंबर प्लेट सगळ्यात शेवटी, आणि त्यांना जुने टॉवेल. ते टॉवेल कायमचे खालच्या मजल्याचे, मी त्यांच्या कोपऱ्याला काळा दोरा शिवून ठेवलाय.

उनाड_पाना

टॉवेलांतही वर्गभेद! निषेध!

निळी_शाई

आमच्याकडे त्याहून मोठा निषेध झाला. नवऱ्याने डिटेलिंगचे टॉवेल घरच्या मशीनमध्ये बाकीच्या कपड्यांबरोबर टाकले, वर सुवासिक सॉफ्टनरही ओतला. माझ्या काळ्या ड्रेसवर निळी लव आणि त्याच्या टॉवेलांवर ड्रेसचे धागे. आता दोघांची यंत्रं वेगळी, संसार एकच.

प्रयोगशाळा

@निळी_शाई, हसले, पण यात नुकसान टॉवेलांचं जास्त झालं. सॉफ्टनर तंतूंवर थर चढवतो. मायक्रोफायबरची पाणी ओढायची आणि मळ धरायची ताकद त्या बारीक तंतूंतच असते. थर चढलेला टॉवेल पाणी टिपण्याऐवजी पसरवतो. सुती कपड्यांबरोबर धुतला तर सुताची लव त्यात अडकते. वेगळे धुवा, द्रवरूप डिटर्जंट थोडाच घाला, एकदा जास्तीचं खळबळा, वाळवताना उष्णता कमी. जास्त तापलं तर तंतूंची टोकं कडक होतात, आणि मग तेच रंगाला ओरखडे काढतात.

वळणवाट

भारी माहिती. म्हणजे पाणी वाचतंय पण धुणं वाढतंय. दिवसाला तीन गाड्या धरल्या तर टॉवेलांचा ढीग होईल.

खटपट्या

होतोच. नवीन माणसं हिशेबात इथेच मार खातात. एक लिटर द्रवात 256 लिटर द्रावण होतं, ते संपता संपत नाही, त्यामुळे काम स्वस्तात पडेल असं वाटतं. खर्च टॉवेलांत, त्यांच्या धुण्यात आणि तुमच्या संध्याकाळीत आहे. दिवसाच्या गरजेच्या दुप्पट टॉवेल ठेवा. एक ढीग गाडीत, एक वाळत. मळके आणि स्वच्छ यांना वेगवेगळे झाकणाचे डबे, आणि जमिनीवर पडलेला टॉवेल त्या दिवशी रंगाला परत लावायचा नाही, कितीही स्वच्छ दिसू दे.

मऊ_स्पंज

टॉवेलांचं एवढं कौतुक कशाला? चिरा असलेला मऊ फोमचा स्पंज मिळतो, खास रिन्सलेससाठी बनवलेला. तो द्रावण भरपूर धरतो, हलका दाब दिला की ओलावा सोडतो, आणि मळ तंतूंत गुंतत नसल्यामुळे बादलीत पिळला की बराचसा सुटतो. तळाला ग्रिट गार्डची जाळी टाका, कण खाली बसतात. धुण्याचा ढीग पार कमी. एक स्पंज, दोन बादल्या, काम झालं.

रंगकर्मा

स्वतःच्या गाडीला स्पंज मीही वापरतो, वाईट नाही. पण अनोळखी गाडीला नाही. टॉवेलचं पान उलटून मळ बघता येतो, स्पंजच्या चिरेत काय बसलंय ते दिसत नाही.

परवाचंच बघा. काळी गाडी, ग्राहक म्हणाला नुसती धूळ आहे. टप, बॉनेट, सगळं सुरळीत. मागच्या दरवाजाला टॉवेल लावला तसा हाताला फरक जाणवला. घसरणारं कापड मध्येच किंचित धरल्यासारखं होतं, आणि तळघरासारख्या शांत जागेत कर्र असा अगदी बारीक आवाज येतो. थांबलो, पान उघडलं, टॉर्च मारला. तपकिरी पट्ट्याच्या कडेला काचेसारखा चमकणारा एकच कण. टॉवेल तिथेच बाद. पॅनेलवर परत फवारा, दोन मिनिटं थांबलो, नवीन टॉवेल, दाब शून्य, नुसतं त्याच्या वजनाने ओढलं. दरवाजा वाचला.

तो आवाज यायला लागला की हात थांबला पाहिजे. हे पहिल्या दिवशी येत नाही, पण आलं की कुठल्याही द्रवात काम होतं.

मऊ_स्पंज

मान्य, पण रोज सात-आठ गाड्या असल्या की पानं मोजत बसता येत नाही हो.

रंगकर्मा

रोज सात-आठ गाड्या एकट्याने करणाऱ्याला रिन्सलेस की पाणी हा प्रश्नच गौण आहे.

शंकासुर

@रंगकर्मा, फवारा मारून दोन मिनिटं थांबलात, हे महत्त्वाचं. ते वर कोणीच सांगितलं नाही.

खटपट्या

बरोबर, राहिलं. आधी भिजवणं हा अर्धा खेळ आहे. हातपंपाचा दाबाचा स्प्रेअर घ्या, दोन लिटरवाला पुरतो. त्यात तेच 1:256 द्रावण. दोन पॅनेलं फवारायची, मळ सैल होऊ द्यायचा, पण वाळू द्यायचं नाही. खालच्या भागाला दोनदा मारायचं, थोडी माती आपोआप ओघळते. ऊन असेल, पॅनेल तापलेलं असेल तर हे जमत नाही, द्रावण बघता बघता सुकतं. बॉनेटला हात लावा, चटका बसला तर गाडी सावलीत घ्या नाहीतर वेळ बदला. उन्हात करायचंच असेल तर एका वेळी अर्धं पॅनेल: फवारा, पुसा, कोरडं, मग पुढचं.

कोरडं करणारा टॉवेल वेगळा, मोठा, विणीचा. गोल गोल घासू नका. पसरवा आणि ओढा.

हिमदरी

जिथे बर्फ पडतो तिथल्यांसाठी: रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि खडी यांचा थर असलेल्या गाडीला यातलं काही करू नका. स्प्रेअरने मीठ विरघळतं, पण खडी तिथेच राहते. शिवाय मीठ गाडीच्या पोटाखाली साचतं, गंज तिथूनच धरतो. कापडाने पोटाखाली पोचता येत नाही. आधी सेल्फ सर्व्हिस वॉशिंग सेंटरला जाऊन नुसतं पाणी मारून आणायला सांगतो, मग पुढचं रिन्सलेसने. गोठणाऱ्या थंडीत पाइप आणि पंप गोठून बसतात, तेव्हा तळघरात बादली घेऊन काम करता येतं हा फायदाच.

पायवाटेचा_चिखल

माझी गाडी खडबडीत वाटांवरची आहे. मडगार्डच्या आत चिखलाची ढेकळं. रिन्सलेसवाला येईल का?

खटपट्या

येईल, बघेल, चहा घेऊन परत जाईल. :)

गंमत नाही, खरंच नाही म्हणायचं. ढेकळं, वाळू, सिमेंटचे शिंतोडे, डांबराचा जाड थर, यांना रिन्सलेस नाही. माझी साधी चाचणी: मळाखालचा रंग कुठला ते ओळखता येत नसेल तर आधी पाणी.

मितभाषी

सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवलेला संरक्षक थर) असेल तर फार सोपं जातं. मळ धरतच नाही.

रंगकर्मा

धरतो, लवकर सुटतो इतकंच. कोटिंग असलं म्हणून चरे पडत नाहीत ही दुकानदारांनी पसरवलेली अंधश्रद्धा आहे. रॅप किंवा पीपीएफ (रंगावर चिकटवलेली फिल्म) असेल तर कडेने कापड आत खेचू नका, कडा उचलते. मॅट रंगाला मेण मिसळलेलं रिन्सलेस लावू नका, चकाकीचे ठिपके उमटतात, आणि मॅट पॉलिश करून दुरुस्त करता येत नाही.

निळी_शाई

ग्राहकाच्या बाजूने एक. आमच्याकडे बादलीवाला मुलगा आला तेव्हा मलाही वाटलं, हा नुसतं पुसून पैसे नेणार. फेस नाही, पाणी नाही, पाइप नाही. त्याने काही न बोलता पहिल्या दरवाजानंतर टॉवेल उघडून दाखवला आणि दरवाजावर टॉर्च मारला. पुढे मी काही विचारलं नाही. पण त्याने सुरुवातीलाच सगळ्या बाजूंनी फोटो काढले ते मला खटकलं होतं. आता इथे चऱ्यांबद्दल वाचून कारण लक्षात आलं.

वळणवाट

फोटो मी काढणारच आहे, कलत्या प्रकाशात, आधीचे चरे दिसतील असे. ग्राहकाला तिथेच दाखवायचे. नंतर "हे तुमच्यामुळे झालं" ऐकायची माझी तयारी नाही.

प्रयोगशाळा

अवांतर वाटेल, पण उरलेल्या पाण्याचं काय करता? पाणी थोडं असलं तरी त्यात ब्रेकची धूळ, तेल, रस्त्याची काजळी आहे. पावसाच्या गटारात ओतलं की बहुतेक ठिकाणी ते शुद्धीकरण न होता थेट नाल्यात किंवा नदीत जातं. झाकणाच्या बादलीतून परत न्या आणि सांडपाण्याच्या नळीत, म्हणजे संडासात किंवा मोरीत ओता. आठ-दहा लिटर परत नेणं शक्य आहे, प्रेशर वॉशरवाल्याला ते जमणार नाही. सोसायटीच्या कमिटीला हेच सांगा, परवानगी लवकर मिळते.

उनाड_पाना

कमिटीकडून परवानगी लवकर? ताई, तुमच्या सोसायटीत घर रिकामं आहे का?

वळणवाट

सगळ्यांचे आभार. आता मूळ प्रश्नाकडे. वाचून माझं असं ठरतंय: प्रेशर वॉशर सुरुवातीला घेत नाही. फोनवर गाडीचे फोटो मागवायचे, खालच्या भागाचा एक तरी हवाच. धूळ आणि हलका मळ असेल तर थेट रिन्सलेस. मध्यम असेल तर दोनदा भिजवणं आणि वेळ जास्त, दरही जास्त. चिखल, मीठ असेल तर आधी पाणी मारून आणा, नाहीतर काम घेणार नाही. स्पंज नाही, टॉवेलच.

शंकासुर

नाही म्हणणार असाल तर माझी हरकत संपली. पण पहिल्या महिन्यात काम कमी असेल, हाताशी एकच ग्राहक असेल आणि त्याची गाडी चिखलाने माखलेली असेल, तेव्हा नाही म्हणून दाखवा. धंदा रिन्सलेसवर चालतो की नाही ते त्या दिवशी कळेल.

रंगकर्मा

शंकासुरांशी सहमत व्हायची वेळ आली, धागा वाचनखुणेत साठवतो. माझ्याकडे दोन्ही सोयी आहेत, तरी नियमित ग्राहकांचं जवळजवळ सगळं काम बादलीवर चालतं. कारण ती गाडी आठवड्या-पंधरवड्याने हाताखालून जाते, फार मळतच नाही. एकदाच येणाऱ्या गाड्यांच्या मागे लागू नका. महिन्याचे बांधलेले ग्राहक मिळवा. हे तंत्र त्यांच्याच गाड्यांना शोभतं.

खटपट्या

आणि बांधलेल्या ग्राहकाची पहिली भेट वेगळ्या दराने लावा. पहिल्या दिवशी गाडीवर वर्षभराचा मळ असतो. क्ले, दरवाजांच्या फटी, पेट्रोलच्या झाकणाची आतली बाजू, सगळं त्या दिवशी. नंतरच्या भेटी हलक्या जातात.

वळणवाट

हे पटलं. एक शेवटचं: स्प्रेअरमध्ये द्रावण तयार करून ठेवलं तर किती दिवस चालतं? रोज सकाळी मोजत बसायचा कंटाळा येतो.

प्रयोगशाळा

नळाच्या पाण्यात केलेलं फार दिवस ठेवू नका, वास धरतं, नोझलही चोंदतं. ठेवायचंच असेल तर डिस्टिल्ड पाण्यात करा, बाटलीवर तारीख टाका आणि उन्हात तापणाऱ्या गाडीत सोडू नका. टॉवेल बुडवलेल्या बादलीतलं मात्र त्याच दिवशी टाकून द्यायचं.

उनाड_पाना

संडासात. गटारात नाही. लक्षात आहे, ताई.